बाल्कनीतल्या कुंडीत ट्यूलिप येतात का? थंडीत कुंडी आत घ्यायची की बाहेर ठेवायची?

येतात, आणि कुंडी बाहेरच ठेवायची.

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आलात, बाल्कनी पश्चिमेला आहे, दुकानांत कंदांच्या पिशव्या लागल्यात पण थंडीचं काय करायचं ते कोणी धड सांगत नाही. शिवाय उरलेले कंद पुण्याला आईकडे न्यायचेत. मी आम्स्टलवेनला चौथ्या मजल्यावर 7 वर्षं हा उद्योग करतेय, आणि पहिली दोन वर्षं पुरती फसले होते.

पहिल्या वर्षी डिसेंबरात एका सकाळी कुंडीतली माती पांढरी झालेली दिसली आणि माझा जीव कळवळला. तुळस आत घेतो तशी ट्यूलिपची कुंडीही उचलून हॉलमध्ये, हीटरच्या शेजारी ठेवली. जानेवारीतच लुसलुशीत पानं आली. मी खूश! मार्च संपला तरी फूल नाही. एकाच कंदाला कळी आली, तीही पानांच्या बेचक्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखी वाळून गेली. शेजारच्या डच आजी कुंडी बघून म्हणाल्या, "अगं, त्यांना थंडी वाजू द्यायची असते."

गंमत अशी की तुम्ही कंद विकत घेता तेव्हाच आत फूल तयार असतं. एखादा कंद उभा कापून बघा. पांढऱ्या थरांच्या मधोमध पिवळसर कोंब दिसेल आणि त्याच्या पोटात इवलीशी कळी. पण तिचा देठ नीट लांब व्हायचा तर साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंशांच्या खालची थंडी लागते. ती मिळाली नाही की माझ्यासारखं होतं, नुसती पानं.

दुसऱ्या वर्षी शहाणपणाने कुंड्या बाहेर ठेवल्या, पण खाली बशा ठेवल्या, कारण बाल्कनी खराब नको. इथला नोव्हेंबर तुम्ही अजून पाहिला नाहीये. रोज पाऊस, ऊन नावालाही नाही, बशी सतत भरलेली. फेब्रुवारीत उकरून बघितलं तर सडक्या कांद्याचा वास आणि हाताला लगदा. तेव्हा थंडीपेक्षा पाण्याला घाबरा. बशी काढून टाका, भोकं मोकळी आहेत ना ते बघा, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा आणि तयार मातीत चौथा हिस्सा जाड रेती किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) मिसळा. लावल्यावर एकदा पाणी द्या. पुढे माती खरंच कोरडी वाटली तरच.

लावायची घाई करू नका. नोव्हेंबर उत्तम. माती थंड झालेली असली की पानांवर डाग पाडणारी बुरशी, जिला ट्यूलिप फायर म्हणतात, तीही कमी त्रास देते. नोव्हेंबर सरता सरता दुकानं कंद निम्म्या भावात काढतात. मी तेव्हाच घेते, फक्त दाबून घेते: चांगल्या कांद्यासारखा टणक हवा. पिशवीवर घेराचा आकडा असतो, 12 सेंटीमीटर किंवा जास्त असेल तो घ्या.

30 सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल कुंडी असेल तर 12 ते 15 कंद बसतात, मध्ये बोटभर जागा ठेवून. टोक वर, आणि डोक्यावर 15 सेंटीमीटर माती. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करायची. पहिलं मोठं पान त्या बाजूने निघतं आणि बाहेर झुकतं, मग कुंडी भरगच्च दिसते. वरच्या थरात क्रोकस किंवा मस्कारी यांचे छोटे कंद लावलेत तर मार्चपासूनच रंग सुरू होतो. उंदीर असतील तर वर बारीक जाळी टाका.

पारा शून्याच्या बराच खाली जाऊन काही दिवस तिथेच राहिला तर जमिनीतले कंद टिकतात, पण कुंडी आरपार गोठते. तेवढ्यापुरती ती भिंतीला चिकटवून बबल रॅप गुंडाळा. स्वस्त मातीच्या कुंड्या तडकतात.

जात निवडताना वाऱ्याचा विचार करा. 'क्वीन ऑफ नाइट' दिसते अप्रतिम, जवळजवळ काळी, पण तिचे लांब देठ आमच्या मजल्यावर एका वादळात आडवे झाले. 'रेड राइडिंग हूड' जेमतेम वीतभर उंच, पानांवर जांभळट पट्टे, हलतसुद्धा नाही. पश्चिमेचं ऊन चालेल, फक्त गरम दुपारी फुलं सताड उघडतात आणि लवकर झडतात.

पुढच्या वर्षी तीच फुलं येतील अशी आशा ठेवू नका. फुलून झालं की मूळ कंद संपतो, त्याच्या जागी पिल्लं होतात, आणि कुंडीत ती सहसा फुलण्याइतकी पोसत नाहीत. मी सरळ कंपोस्टमध्ये टाकते. तारडासारख्या ट्यूलिपच्या रानटी जाती मात्र परत येतात.

कंद लावेपर्यंत केळी-सफरचंदांपासून लांब ठेवा, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. कांद्याच्या टोपलीत तर मुळीच नको, ते विषारी असतात. 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात इथल्या लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले होते, पण मधला कोंब काढून, नाइलाजाने. कंद हाताळताना हात खाजणाऱ्यांनी हातमोजे घालावेत.

आता पुण्याचं. बॅगेतून नेऊ नका. लागवडीच्या कंदांना भारतात आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 पासून ट्यूलिपची बाग आहे ती तिथल्या थंडीच्या जिवावर. दिल्लीतही दरवर्षी आयात केलेले, आधी थंड करून ठेवलेले कंद लावून फेब्रुवारीत फुलवतात. आईंना हौस असेल तर भारतातच कंद घेऊन सप्टेंबरच्या शेवटी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायला सांगा, कागदी पिशवीत, फळं दुसरीकडे हलवून. डिसेंबरअखेर सावलीच्या कुंडीत लावले तर फूल येतं, थोडं बुटकं आणि एकदाच.