पक्षपाताचा आक्षेप घेताय? आधी तारीख शोधा
निवाडा विरोधात गेला म्हणून लवाद पक्षपाती ठरत नाही, हे अशिलाला आजच स्पष्ट सांग. परदेशी निवाड्याची अंमलबजावणी रोखायची तर परदेशी लवाद-निवाड्यांची अंमलबजावणी ठरवणाऱ्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचं (आंतरराष्ट्रीय करार) पाचवं कलम वाच. तिथे पक्षपात असं वेगळं कारणच नाही. लवाद मंडळाची रचना किंवा सार्वजनिक धोरण, बहुतेकदा यातूनच वाट काढावी लागते. खरी मेख तारखेत आहे. लवादाचे समोरच्यांशी असलेले संबंध अशिलाला नेमके कधी कळले? तो ईमेल शोधून काढ. कळूनही सुनावणीत गप्प बसला असेल, तर आक्षेपाचा हक्क सोडला असंच कोर्ट बहुधा धरतं. युनसिट्रालच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या, नमुना कायद्यात आक्षेप घ्यायला कळल्यापासून १५ दिवसच मिळतात, पक्षकारांनी वेगळं ठरवलं नसेल तर. आणि लवादाचं प्रकटनपत्र, म्हणजे त्याने आपले संबंध जाहीर केलेलं पत्र, ओळ न् ओळ तपास.