कॅज्युअल्टीत नेल्यावर नेमकं काय होतं? नंतर आलेल्यांना आधी का घेतात?

तुम्ही विचारलंय की आईला रात्री-बेरात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर तिथे काय होतं, आणि मागून आलेले पेशंट पुढे कसे जातात. मी उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळात ११ वर्षं कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स होते, म्हणून सांगते.

तिथे नंबर लागतो तो जिवाला किती धोका आहे त्यावर. आत आल्या आल्या आम्ही श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि पेशंट शुद्धीवर आहे का, एवढं बघतो. छातीत दुखत असेल तर १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. पाय मुरगळलेल्याला मात्र दोन तासही थांबावं लागतं.

पण पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे हार्ट अटॅक नाही, असं नसतं. एकदा बाकावर बसवलेल्या काकांची मुलगी धावत आली, ‘सिस्टर, बाबांचा शर्ट भिजलाय घामानं.’ दुसरा ईसीजी काढला, त्यात अटॅक स्पष्ट दिसला. थांबलेलं असताना काहीही बदललं, तर संकोच न करता उठून सांगा. आम्ही चिडलेले दिसलो तरी सांगा.

नुसतं बसवून ठेवलंय असं वाटतं, तेव्हाही कधी कधी तपासणीच चालू असते. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत साप चावलेल्या एकाचं रक्त आम्ही काचेच्या कोरड्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं होतं. नातेवाईक संतापले. ती नळी २० मिनिटं हलवायची नसते. नंतर तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गुठळीच नाही. विष रक्तात भिनलं होतं. लगेच प्रतिविष सुरू केलं.

येताना आईच्या चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून काही कळत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर ती शेवटची धडधाकट कधी दिसली ती वेळ सांगा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांतच देता येतं.

अपघात, मारहाण, विषबाधा असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, म्हणजे पोलिसांना कळवतात. घाबरू नका, त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच तसं बजावलंय.

आणि डिचोली, वाळपई, पेडण्याहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं, तर टाळलं असं समजू नका. १०८ची अँब्युलन्स येईपर्यंत रेफरची चिठ्ठी, काढलेला ईसीजी आणि कुठलं औषध किती वाजता दिलं ते लिहून मागून घ्या. तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच लागतं.