टेस्ट पास, अंतर शून्य

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो आणि महापे येथील एका कंपनीत अँड्रॉइड अ‍ॅपचे काम करतो. बस थांब्यापासून १०० मीटरच्या आत आली की प्रवाशाला सूचना देणाऱ्या क्लासची युनिट टेस्ट (कोडचा एक छोटा भाग वेगळा तपासणारी चाचणी) चालवली, तेव्हा अँड्रॉइडच्या ‘लोकेशन’ क्लासची ‘डिस्टन्सटू’ ही दोन ठिकाणांमधले अंतर देणारी मेथड मॉक केलेली (म्हणजे तिच्या जागी ठरलेले उत्तर देणारी नकली आवृत्ती ठेवलेली) नसल्याचा एरर आला. सहकाऱ्याच्या सल्ल्याने ग्रेडल या अ‍ॅप बांधणाऱ्या साधनामध्ये ‘रिटर्न डिफॉल्ट व्हॅल्यूज’ हे सेटिंग चालू केल्यावर टेस्ट पास झाली. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि याची खात्री आपण स्वतःच करून घेऊ शकता. त्याच टेस्टमध्ये बस ठाणे स्टेशनवर आणि थांबा वाशी स्टेशनवर ठेवून पाहा. मध्ये दहा किलोमीटरहून अधिक अंतर असूनही सूचना जाईल. युनिट टेस्ट संगणकावरच्या जेव्हीएममध्ये (जावा कोड चालवणाऱ्या यंत्रणेत) चालते आणि तिला मिळणाऱ्या अँड्रॉइडच्या जार फाइलमध्ये मेथडची केवळ नावे असतात, आतले कोड नसते. एरवी अशी मेथड एक्सेप्शन फेकते. आपल्या सेटिंगमुळे ती मुकाट्याने शून्य, नल किंवा फॉल्स परत करते. अंतर शून्य, म्हणजे बस कायम थांब्यावरच! (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, रिकामी आहे का हे तपासणाऱ्या ‘टेक्स्टयुटिल्स’ला रिकामी स्ट्रिंग दिली, तरी ती रिकामी नसल्याचेच उत्तर येते.)

मॉकिटो या मॉक तयार करणाऱ्या लायब्ररीने ‘लोकेशन’ मॉक करणे हा पर्यायही मला पसंत नाही, कारण मॉकमध्ये प्लॅटफॉर्मचे वर्तन नसते, त्याविषयीची आपली समजूत असते. ‘डिस्टन्सटू’ मीटरमध्ये उत्तर देते. ते किलोमीटरमध्ये येते असे समजून आपण कोडमध्ये ०.१ ही मर्यादा घातली आणि मॉककडून ०.०५ वदवून घेतले, तर टेस्ट पास होईल, पण प्रत्यक्षात बस थांब्याच्या दहा सेंटिमीटरवर येईपर्यंत प्रवाशाचा फोन गप्पच राहील.

त्यापेक्षा ‘अंतर मीटरमध्ये दे’ एवढी एकच मेथड असलेला स्वतःचा इंटरफेस लिहावा. सूचनेचा निर्णय घेणाऱ्या क्लासला तोच द्यावा आणि टेस्टमध्ये ९९, १०० व १०१ अशी उत्तरे देणारा साधा फेक (स्वतः लिहिलेला नकली क्लास) वापरावा. ‘लोकेशन’ला हात लावणारा दुसरा क्लास चार ओळींचा राहील, त्याची एखादी टेस्ट रोबोलेक्ट्रिकवर (अँड्रॉइडचे वर्तन संगणकावरच्या जेव्हीएममध्ये पुरवणाऱ्या साधनावर) किंवा एम्युलेटरवर चालवली की पुरे.

सुरुवात मात्र ते सेटिंग बंद करूनच करावी. ज्या टेस्ट केवळ ‘लॉग’ या नोंदी लिहिणाऱ्या क्लासमुळे अडतील त्या निरुपद्रवी समजाव्यात, बाकीच्या एकेक करून तपासाव्यात.