‘अलंकारिक’ चित्रे आणि ‘अमूर्त’ चित्रे

टिळक रस्त्यावरच्या एका चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘अलंकारिक आणि अमूर्त चित्रे’ असे छापलेले होते. आत मात्र अलंकरण कोठेच नव्हते, माणसांची साधी चित्रे होती. तेव्हा हा शब्द योग्य आहे का, आणि ‘अमूर्त’चा विरुद्धार्थी शब्द कोणता मानावा, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: शब्द योग्य नाही. (शुद्ध रूप ‘आलंकारिक’ असे आहे, हेही जाता जाता.) इंग्रजीतील ‘फिगरेटिव्ह’ हा शब्द भाषेविषयी असेल तेव्हा त्याचा अर्थ लाक्षणिक किंवा आलंकारिक असा होतो; चित्राविषयी असेल तेव्हा त्यातील ‘फिगर’ म्हणजे आकृती, आणि बहुधा मानवाकृती. कोशातला पहिला अर्थ उचलून चित्राला चिकटवला की लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफी पेढीत शोभेल असे विशेषण कॅनव्हासवर येऊन बसते.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. ‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ या धातूचे रूप असून घट्ट झालेले, आकाराला आलेले असा त्याचा अर्थ आहे. ‘मूर्च्छा’ही त्याच धातूपासून आली आहे. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत, आणि तेथे वायू व अंतरिक्ष यांना अमूर्त म्हटले आहे. म्हणजे ज्याला घन असे शरीर नाही ते अमूर्त. या कसोटीवर कोणतेच चित्र अमूर्त ठरणार नाही. अमूर्त चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगकामाची बोथट सुरी) यांनी रंगांचे थर चढवत व खरवडत असत. तो पृष्ठभाग इतका मूर्त असतो की बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. ‘अमूर्त’ हा ज्याचा प्रतिशब्द आहे ते ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हे लेबल स्वतः गायतोंडे यांनाही पसंत नव्हते, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (वस्तूचे चित्रण नसलेले) हे त्यांना जवळचे वाटे. आपल्याकडच्या देवळांतला तांदळा हेही या संदर्भात चांगले उदाहरण आहे: शेंदराची पुटे चढलेली ती शिळा पुरेपूर मूर्त आहे, परंतु हात, पाय, तोंड यांपैकी कशाचीही आकृती तिच्यात नाही.

लॅटिन मुळाकडे पाहिले तर ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे ओढून वेगळे काढलेले. तो शब्द क्रिया सांगतो, आपला शब्द अभाव सांगतो. आणि माझ्या मते मराठीत या विषयावर होणारा बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो, कारण ‘अ’ हा नकार जोडला की दोन प्रकार एकमेकांसमोर उभे ठाकल्यासारखे वाटतात, प्रत्यक्ष चित्रकलेत मात्र एकातून दुसरे हळूहळू निघत गेलेले दिसते. डच चित्रकार मोंद्रियानने 1908 च्या सुमारास रंगवायला घेतलेले तांबडे झाड पाहावे, मग 1911 चे करडे झाड आणि 1912 चे फुललेले सफरचंदाचे झाड पाहावे. पहिल्यात खोड व फांद्या स्पष्ट आहेत, दुसऱ्यात फांद्यांच्या कमानी आणि त्यांमधल्या मोकळ्या जागा एकाच जाळ्यात गुंतल्या आहेत, आणि तिसऱ्यात शीर्षक झाकले तर झाड ओळखू येईलच असे नाही. झाड नेमके कोणत्या चित्रात संपले, हे सांगता येत नाही. पाहणाऱ्याच्या बाजूनेही असेच घडते: 1896 मध्ये मॉस्कोत फ्रेंच चित्रकार मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र पाहताना, पुढे अमूर्त चित्रकार म्हणून गाजलेल्या कांदिन्स्कीला विषय ओळखू आला नव्हता, तो त्याला सूचिपत्रावरून कळला, चित्राची पकड मात्र आधीच बसली होती. आपल्याकडे चित्रकार रामकुमार यांच्या चित्रांत 1950 च्या दशकात शहरातील उदास माणसे होती. 1960 च्या वाराणसी भेटीनंतर माणसे गेली, घाट व घरे उरली, आणि पुढे त्यांचेही रंगांचे पट्टे झाले.

या प्रक्रियेला ‘अमूर्तीकरण’ हा शब्द चांगला आहे आणि तो अधिक वापरला जावा. ‘सगुण-निर्गुण’ ही जोडी कानाला गोड लागते, पण ती आणली की चित्राऐवजी अध्यात्मावर बोलणे सुरू होते, म्हणून मी ती टाळतो. ‘आकृतिप्रधान’ रूढ आहे, तरी त्यातही अडचण आहेच, कारण मोंद्रियानचे पुढचे चौकोनसुद्धा भूमितीच्या भाषेत आकृतीच होत. त्यामुळे चित्रात माणसे असतील तेथे ‘मानवाकृतिप्रधान’ म्हणावे, आणि निसर्गदृश्य, वस्तुचित्र वगैरे सर्वांसाठी एकच शब्द हवा असेल तर ‘प्रतिरूपात्मक’. त्याचा विरुद्धार्थी ‘अप्रतिरूप’ कलाविषयक लेखनात आढळतो. ‘अमूर्त’ आता इतका रुळला आहे की तो बदलण्याचा हट्ट मी धरणार नाही. संबंधित पत्रिकेत ‘मानवाकृतिप्रधान आणि अमूर्त चित्रे’ असे छापले असते, तर ते बिनचूक ठरले असते.