मुलीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगला घालावं का? गोव्यात परतून काम मिळेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी घेतलंय. नीट देणार नाही, बायोमेडिकल इंजिनिअरिंग करणार म्हणते. तुम्ही डिचोलीचे. हे शिक्षण नेमकं कशाचं, गोव्यात परत येऊन नोकरी लागेल का, आणि मुलीच्या जातीला हे काम झेपेल का?

मी फोंड्याची. मुंबईत बायोमेडिकल केलं, मग हॉस्पिटलांना मशीनं विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते, आणि आता गोव्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलचा बायोमेडिकल विभाग सांभाळते.

आधी सरळ उत्तर. मुलीला सर्किटांची आणि शरीर कसं चालतं याची, दोन्हींची ओढ असेल तर खुशाल घाला. पण ‘मेडिकलला नंबर लागत नाही, तर निदान नावात मेडिकल असलेलं काहीतरी’ असा हिशेब घरात कुणी मांडत असेल, तर घालू नका. या शाखेत शरीरशास्त्र एखाद-दोन सेमिस्टर असतं. बाकी चार वर्षं गणित, इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल, मायक्रोकंट्रोलर, कंट्रोल सिस्टिम यांच्याशीच गाठ असते. माझ्या वर्गातली जी मुलं डॉक्टरकी हुकली म्हणून आली होती, ती दुसऱ्या वर्षाच्या सिग्नल्स अँड सिस्टिम्सला कंटाळली. मॅथ्स मनापासून आवडणारी मुलं टिकली.

काय शिकवतात ते एका उदाहरणावरून सांगते. ईसीजी तुम्ही पाहिलाच असेल. हृदयाच्या ठोक्याची वीज छातीच्या कातडीवर येते ती जेमतेम १ मिलिव्होल्ट. त्याच खोलीतल्या भिंतींतून २३० व्होल्टच्या तारा गेलेल्या, आणि त्यांची ५० हर्ट्‌झची गुणगुण माणसाचं शरीर अँटेनासारखी पकडतं. मग त्या गोंधळातून हृदयाचा एवढासा आवाज वेगळा कसा काढायचा? त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर कसा लागतो, उजव्या पायाला चौथी तार कशाला जोडतात, फिल्टर जास्त कडक केला तर डॉक्टरला हवा असलेला ईसीजीच्या रेघेतला ‘एसटी’ नावाचा भाग कसा बिघडतो, हे सगळं या शाखेत येतं. मुलीला हे वाचून ‘पुढे सांगा’ असं वाटलं तर ती योग्य वाटेवर आहे. त्याच्या जोडीला सीटी आणि एमआरआयचं भौतिकशास्त्र, इमेज प्रोसेसिंग, सेन्सर, हाडांच्या जागी बसवायचे धातू आणि प्लास्टिक, सांध्यांवर येणारा भार असे विषय असतात. प्रत्येक कॉलेजचा भर थोडा वेगळा.

आता हॉस्पिटलातलं काम. लोकांना वाटतं, मशीन बंद पडलं की बायोमेडिकलवाल्याला बोलवायचं. ते आहेच, पण खरं मोल आहे ते मशीन चालू असताना ते खरं बोलतंय की नाही हे बघण्यात. डिफिब्रिलेटरचं घ्या, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं मशीन. त्यावर २०० ज्यूल लावले, तर रुग्णाला खरोखर तेवढीच ऊर्जा मिळते का? त्याचे पॅडल आम्ही एका अ‍ॅनालायझरवर टेकवतो. त्या अ‍ॅनालायझरमध्ये माणसाच्या छातीऐवजी ५० ओहमचा रोध असतो. झटका देतो, आकडा वाचतो, नोंदवतो, मशीनवर तपासणीच्या तारखेचं स्टिकर लावतो. सिरिंज पंप तासाला ५ मिलिलिटर म्हणतो तेव्हा ५ च जातात का, तेही असंच मोजावं लागतं, कारण त्यातून रक्तदाब टिकवणारं औषध चाललेलं असतं. हृदयाला थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणांतून सर्वसाधारण स्थितीत १० मायक्रोअँपिअरहून जास्त वीज रुग्णाकडे गळता कामा नये असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. एवढ्या विजेचा हाताला स्पर्शही जाणवत नाही. मोजणारं कुणी नसेल तर ती गळती कुणाच्या लक्षातच येणार नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कल्पना येईल. ऐन पावसात आयसीयूतल्या एका बेडच्या मॉनिटरवर ईसीजीची रेघ जाड, केसाळ दिसायला लागली. सिस्टरने इलेक्ट्रोड बदलले, मग केबल बदलली. आमच्या नव्या मुलाने मॉनिटरच बदलून दुसरा आणला, तरी तीच रेघ. आम्ही आजूबाजूच्या वस्तूंचे प्लग एकेक करून काढत गेलो. पेशंटच्या मोटर असलेल्या कॉटचा प्लग काढला आणि रेघ क्षणात स्वच्छ झाली. इलेक्ट्रिशियनने भिंतीतला सॉकेट उघडला तर अर्थिंगच्या तारेच्या टोकाला हिरवा कळंक चढलेला, स्क्रू नुसता टेकलेला. मॉनिटर मुळात ठीकच होता. कंपनीच्या माणसाला बोलावलं असतं तर त्याने बहुधा बोर्ड बदलायचं कोटेशन दिलं असतं. हॉस्पिटलात स्वतःचा इंजिनिअर का हवा, ते अशा वेळी कळतं.

आपल्या गोव्यात तर या कामाला वेगळीच धार आहे. खारं वारं, जून ते सप्टेंबर दमट हवा, आणि गडगडाट झाला की जाणारी-येणारी लाईट. सर्किट बोर्डांवर गंज धरतो, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपच्या भिंगांत बुरशी शिरते, यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात. युरोपात छापलेल्या मॅन्युअलमध्ये देखभालीचं जे वेळापत्रक असतं ते इथे जसंच्या तसं पुरत नाही. पावसाळ्याआधी आम्ही आमचं वेगळं वेळापत्रक लावतो.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण कॉलेजच्या जाहिरातीत कृत्रिम हृदय आणि रोबोट दिसतात, पण नुसत्या बीईवर तिथे फार थोडे पोचतात. सुरुवातीच्या बहुतेक जागा दोन ठिकाणी: हॉस्पिटलचा बायोमेडिकल विभाग, नाहीतर मशीन कंपनीची सर्व्हिस किंवा विक्री. पहिला पगार कॉम्प्युटरच्या मुलांपेक्षा कमीच असतो, हे मनाशी धरून चला. सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ पासून एक कार्यक्रम आहे. बऱ्याच राज्यांत ते काम एजन्सींकडे आहे आणि त्या नव्या मुलांना घेतात. शिकायला जागा उत्तम, पण तिथेच वर्षानुवर्षं अडकून राहू नये असं माझं मत. कंपनीतली सर्व्हिस मात्र मी कुणालाही सुरुवातीला करायला सांगेन. एकेका मशीनचं कंपनी नीट प्रशिक्षण देते, आणि ते हातात आलं की तुमची किंमत वाढते. व्हेंटिलेटर, डायलिसिस, कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली), एमआरआय यांतलं एखादं पक्कं येणारा इंजिनिअर कुठेही उपाशी राहत नाही.

एका वाटेकडे मुलांचं फारसं लक्ष जात नाही, ती म्हणजे नियमन आणि गुणवत्ता. भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग केले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सी आणि डी वर्गातल्या उपकरणांनाही परवाना सक्तीचा झाला. म्हणजे उपकरण बनवणाऱ्या किंवा बाहेरून आणणाऱ्या प्रत्येक कंपनीला जोखमीचा अभ्यास, चाचण्यांचे अहवाल, आयएसओ १३४८५ या गुणवत्तेच्या मानकाची व्यवस्था सांभाळणारी माणसं लागतात. ज्याला मशीनही कळतं आणि कागदही नीट लिहिता येतो, त्याला इथे मान आहे आणि पगारही बरा. मुलीचं लिखाण चांगलं असेल तर हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

नवं उपकरण घडवायचं असेल, तर मात्र एमटेक किंवा पीएचडी धरूनच चाला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेल्या हृदयाच्या झडपेची गोष्ट मला फार जवळची वाटते. डॉ. वलियाथन हे सर्जन आणि जी. एस. भुवनेश्वर हे इंजिनिअर यांच्या चमूने ती बनवली. आधीचे आराखडे चाचण्यांत एकामागून एक फसले, आणि चौथा टिकला. त्यात फिरणारी तबकडी पॉलिथिलीनच्या एका अतिशय टणक प्रकाराची. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. बाहेरून येणाऱ्या महागड्या झडपा ज्यांना परवडत नव्हत्या, अशा माणसांना तिने आयुष्य दिलं. एवढा धीर असणाऱ्यांनी या वाटेला जरूर जावं.

कॉलेजांचं बघताना एक लक्षात घ्या. आपल्या फर्मागुढीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात ही शाखा नाही, तेव्हा मुलीला बाहेर पाठवावंच लागेल. मुंबईत वडाळ्याचं विद्यालंकार आहे, कर्नाटकात मणिपाल, चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं गिंडीचं कॉलेज, हैदराबादला उस्मानिया आणि आयआयटी. बंगळुरूच्या काही कॉलेजांत ‘मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ नावाने जवळपास हेच शिकवतात. महाराष्ट्रात परराज्यातल्या मुलांना ऑल इंडियाच्या जागा जेईई मेनच्या गुणांवर मिळतात, म्हणून तो फॉर्म चुकवू नका. आणि मुंबईतल्या काही कॉलेजांनी मधल्या काळात ही शाखा बंद केलीय, तेव्हा यंदा प्रवेश चालू आहेत का ते फोन करून विचारा. कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा एवढंच विचारा की मुलांना हॉस्पिटलात प्रत्यक्ष कधी नेतात, किती आठवडे ठेवतात, आणि लॅबमधलं मशीन मुलं उघडून बघतात की लांबून. मणिपालसारख्या ठिकाणी स्वतःचं मोठं हॉस्पिटल शेजारी असतं, त्याचा फायदा खूप.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण माझी मुलगी असती तर मी गंभीरपणे विचार केला असता असा मार्ग सांगते. गोव्यातच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन करायचं, फर्मागुढीला किंवा फातोर्ड्याच्या डॉन बॉस्कोला. घरून जाऊन-येऊन, निम्म्या खर्चात. चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट वैद्यकीय उपकरणावर घ्यायचा, मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन बायोमेडिकलमध्ये एमटेक. २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. आयआयटी मुंबईत एमटेक आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि श्री चित्रा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक चालवतात, त्यात विद्यार्थी हॉस्पिटलात राहून डॉक्टरांच्या अडचणींवर काम करतात. या वाटेचा फायदा असा की अठराव्या वर्षी मुलीला सगळे दरवाजे बंद करून एकच उघडा ठेवावा लागत नाही. मन बदललं तर इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री हातात असतेच. पण तिला आत्तापासूनच हॉस्पिटलची ओढ असेल, चार वर्षं थांबवणार नसेल, तर थेट बायोमेडिकलही चुकीचं नाही.

गोव्यात परत यायचं म्हणाल, तर जागा आहेत पण मोजक्या. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, दोनापावल, ओल्ड गोवा, मडगाव इथली मोठी खासगी हॉस्पिटलं. कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर गोव्यात राहून सिंधुदुर्ग, कारवार, बेळगावपर्यंतचा भाग बघतात. आणि वेर्णा विसरू नका. क्षयरोगाची बॅटरीवर चालणारी ट्रूनॅट चाचणी बनवणारी मोलबायो तिथली. थुंकीचा नमुना तयार करून मशीनमध्ये घातला की साधारण तासाभरात निदान हातात, तेही एसी लॅब नसलेल्या आरोग्य केंद्रात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. ट्युलिपसारखी तपासणीची किट बनवणारी जुनी कंपनीही गोव्यातलीच. तेव्हा पहिली चार-पाच वर्षं मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला काढून, एखाद्या मशीनवर हात बसवून मग गोव्यात यावं. असा अनुभवी माणूस इथे शोधूनही सापडत नाही. डिग्री घेऊन थेट परतणाऱ्याला मात्र वाट बघावी लागते.

राहिला मुलीच्या जातीला हे काम झेपेल का, हा प्रश्न. शारीरिक बळाचं काम फार थोडं, आणि जड मशीन हलवायला वॉर्डबॉय आणि मदतनीस असतात. रात्री फोन येतो हे खरं. ऑन-कॉल वाटून घेतलेला असतो. बराचसा बिघाड फोनवर सिस्टरशी बोलून निस्तरतो, आणि जावंच लागलं तर हॉस्पिटल गाडी पाठवतं. नोकरी घेताना हे आधी विचारून, शक्य तर ऑफर लेटरात लिहून घ्यावं. फील्ड सर्व्हिसमध्ये प्रवास जास्त, म्हणून तिला दुचाकी नीट चालवता येऊ दे. लेबर रूम, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), मॅमोग्राफी अशा ठिकाणी बाई इंजिनिअर आली की पेशंट आणि सिस्टर दोघींनाही मोकळं वाटतं, हे मी रोज बघते. बारावीची परीक्षा झाली की ओळखीच्या एखाद्या हॉस्पिटलात विचारून तिला तिथल्या बायोमेडिकल विभागात आठवडाभर नुसतं बसू द्या. बरीच हॉस्पिटलं नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून स्क्रूड्रायव्हर मागते का, तेवढं बघा.