सोसायटीची नोंदणी : सरकारी फी किती, एजंटची किती?

प्रश्न : सिंहगड रोडला आमची १६ फ्लॅटची बिल्डिंग आहे, बिल्डर सोसायटी रजिस्टर करायचं नावच काढत नाही. एक एजंट म्हणतोय ६० हजारात सगळं करून देतो, शिवाय दरवर्षी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचे ५ हजार वेगळे. एवढी सरकारी फी असते का हो?

उत्तर : अजिबात नसते. हाउसिंग सोसायटीच्या नोंदणीची सरकारी फी २५०० रुपये, ती चलनाने भरायची. त्याशिवाय प्रत्येक सभासदाचे शेअर्सचे ५०० आणि प्रवेश फीचे १००, म्हणजे तुमचे १६ जणांचे ९६०० झाले, पण ही सरकारला द्यायची फी नाहीये, हे पैसे जिल्हा मध्यवर्ती बँकेत सोसायटीच्याच नावाने राहतात आणि बँकेचा बॅलन्सचा दाखला प्रस्तावाला जोडायचा असतो. एजंट लोक हे सगळं एकाच आकड्यात कोंबून सांगतात, म्हणून लेखी ब्रेकअप मागा. खरा खर्च होतो तो स्टॅम्प पेपर, नोटरी, आर्किटेक्टचा दाखला, इंडेक्स टूच्या (फ्लॅटच्या दस्तनोंदणीच्या उताऱ्याच्या) कॉप्या यावर, आणि धावपळीवर. कुणाला वेळ नसेल तर माणूस नेमा, त्यात गैर काही नाही, फक्त त्याची मजुरी 'सरकारी फी' म्हणून देऊ नका.

बाकी रिन्यूअलचं म्हणाल तर तसला प्रकारच नाही. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदणी एकदाच होते आणि रद्द होईपर्यंत चालू राहते. दरवर्षीचे ५ हजार कोण मागत असेल तर पावती कुठल्या ऑफिसची देणार ते विचारा, गडी गप्प बसतो की नाही बघा. आणि बिल्डर हलत नसेल तर फ्लॅटधारक स्वतःसुद्धा प्रस्ताव देऊ शकतात, ५१ टक्के फ्लॅटवाले तयार पाहिजेत. बिल्डर असहकार करतोय हे दाखवायला त्याला पाठवलेल्या नोटिसा, पोच सगळं सांभाळून ठेवा, नोंदणी करणारे सहकार खात्याचे उपनिबंधक ते बघतात.

प्रश्न : आम्ही सहकारनगरची छोटी सोसायटी, २२ सभासद. ऑडिटची फी जड जाते. तीन वर्षांचं एकदम केलं तर चालतं का?

उत्तर : नाही चालत. दरवर्षीचा खरा खर्च म्हणजे हाच, आणि तो टाळता येत नाही. ऑडिटर सरकारी पॅनलवरचाच, पण तो निवडायचा तुमच्या वार्षिक सभेने, त्यामुळे दोघा-तिघांकडून विचारून घ्या. सभा ३० सप्टेंबरच्या आत. ऑडिटर तुम्ही नेमलाच नाही तर सहकार खात्याचा रजिस्ट्रार नेमतो आणि फी तुमच्याकडूनच वसूल होते, वर वार्षिक सभा वेळेत घेतली नाही म्हणून कमिटीवाले अपात्र ठरू शकतात ते वेगळंच. ऑडिटमध्ये जे दोष निघतील त्यांचा दुरुस्ती अहवाल द्यायला मात्र विसरू नका, छोट्या सोसायट्यांत हा कागद हमखास राहतो. एक दिलासा, २५० पर्यंत सभासद असले की निवडणूक सोसायटीलाच घेता येते, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे जावं लागत नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, मित्रांबरोबर सहकारी दुकान काढतोय. तो म्हणतो तिकडे नोंदणीनंतरही दरवर्षी फी असते. खरंय?

उत्तर : खरंय, तिकडचा हिशेबच निराळा. तिथल्या २०१४ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली अशा संस्थांची नोंदणी फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीकडे, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाकडे होते आणि वार्षिक फी संस्थेच्या एकूण मालमत्तेनुसार लागते, म्हणजे लहान दुकानाला कमी, मोठ्या संस्थेला जास्त. आर्थिक वर्ष संपल्यापासून सात महिन्यांच्या आत विवरणपत्र आणि हिशेब पाठवावे लागतात, आणि ते न पाठवणं तिथे गुन्हा धरला जातो, तेव्हा मित्रांपैकी हे काम नक्की कोण करणार ते नोंदणीच्या आधीच ठरवून घ्या म्हणावं.