पोट बिघडल्यावर ‘हलकं’ म्हणजे नेमकं काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेतातल्या भरीत पार्टीनंतर वडिलांना (वय 66, बीपीची गोळी चालू) दोन दिवस पातळ जुलाब, कालपासून 4 वर्षांच्या मुलीलाही तेच. आई म्हणते कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि ताक द्या, शेजारच्या काकू म्हणतात साबुदाण्याची खिचडी, आणि दुकानातून कुणीतरी गोड पेयाचे डबे आणून ठेवलेत. या चारांत कामाचं एकच, ताक. तेही थोडं थांबून.

आधी पाणी, मग अन्न. ओआरएसचं पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं. मोठं पाकीट एका ग्लासात कालवणं ही नेहमीची चूक आहे. मीठ फार होतं, आणि लहान मुलाला ते धोक्याचं. थोडं थोडं पाकीट काढूनही कालवू नका, मोठं पाकीट सगळं एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका आणि 24 तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे 6 आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा चहाचा आणि सपाट, शीग लावलेला नको. प्रत्येक जुलाबानंतर मुलीला 100 ते 200 मिली, वडिलांना एक-दोन ग्लास. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. मुलगी घटाघटा पिते म्हणून ग्लास हातात देऊ नका, तेच बाहेर येतं.

ते गोड डबे बाजूला ठेवा. उसाचा रस, थंड पेय, गुळाचं घट्ट पाणी हेही त्याच रांगेत. साखर जास्त झाली की ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. लोकांना वाटतं ताकद येते. ताकद येत नाही, संडासाच्या फेऱ्या वाढतात.

आता अन्न. उपाशी ठेवू नका. चार-सहा तास पाणी नीट पोटात राहिलं की खायला सुरुवात करायची. पदार्थ हलका की जड हे त्याच्या नावावरून ठरवू नका, चार गोष्टी बघा: तेल किती, टरफल-कोंडा किती, साखर किती, दूध-मसाला आहे का. या मापाने कळणा नापास होतो. ज्वारीचा कोंडा, त्यात टरफलासकट उडीद. उडदातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि गॅस धरतो. धडधाकट माणसाला कळण्याची भाकर उत्तम, पण आतडं सुजलेलं असताना नाही. साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे, निव्वळ पिठूळ पदार्थ. बिघडवतात ते त्यातले दाण्याचा कूट, तेल आणि मिरची. पाण्यात शिजवलेली पातळ साबुदाण्याची पेज चालेल, खिचडी नाही.

पहिल्या दिवसाला तांदळाची पेज. 200 मिलीची वाटी धरली तर पाव वाटी तांदूळ, त्याला 700 मिली पाणी, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा मीठ. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग रवीने घोटून घ्या. नवापूरकडचा साधा जाडा तांदूळ असला तर छान घोटला जातो, बासमती लागतच नाही. चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली तर वास येतो आणि घास जातो. फोडणी नको. आपल्याकडे लसूण-मिरचीच्या फोडणीशिवाय अन्न अन्न वाटत नाही हे कळतं, पण तेल पोट रिकामं व्हायला उशीर लावतं, मळमळ वाढवतं, आणि न पचलेली चरबी पुढे आतड्याला त्रास देते.

नुसत्या मळमळीला साळीच्या लाह्या फार चांगल्या. कोरड्या चघळायच्या, किंवा मूठभर लाह्या कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून ते पाणी थोडं मीठ घालून प्यायचं. ज्वारीच्या लाह्या आज नको, त्यांची टरफलं टोचतात.

पेज टिकली की दुसऱ्या वेळेपासून मुगाच्या पिवळ्या डाळीची मऊ खिचडी. तांदूळ दोन भाग, डाळ एक, पाणी सहा-सात पट, हळद, हिंग, मीठ. पानात घेताना एक छोटा चमचा तूप. इथे आपली नेहमीची तुरीच्या डाळीची, दाणे घातलेली, वरून तेलाची धार सोडलेली खिचडी करून ‘खिचडीच दिली’ म्हणू नका. उरलेली पेज-खिचडी उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाही. भातात एक जंतू वाढतो, त्याचं विष परत गरम केल्याने जात नाही, आणि तोच जुलाब-उलट्यांचा दुसरा फेरा सुरू करतो.

जळगावच्या माणसाला केळ्याबद्दल काय सांगायचं, पण पिकण्याची पायरी महत्त्वाची आहे. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात पिठाची बरीचशी साखर झालेली असते. जुलाबात देठाशी अजून थोडं हिरवं असलेलं, घट्ट केळं बरं. त्याहून चांगलं पूर्ण हिरवं केळं: सालीसकट 15-20 मिनिटं उकडा, सोला, घोटा, मीठ घाला, भातात किंवा दह्यात मिसळा. हिरव्या केळ्यातलं न पचणारं पीठ मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या पेशींना पाणी परत शोषायला मदत करतं. बांगलादेशात मुलांच्या रेंगाळलेल्या जुलाबावर याचा अभ्यास झाला, फायदा दिसला. मुलीला अर्धं केळं एका वेळी पुरे.

दूध, दुधाचा चहा, खीर चार-पाच दिवस नको. दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या वरच्या थरात तयार होतो आणि जुलाबात तोच थर झिजतो. दह्यात विरजणाच्या जंतूंनी ती साखर काही प्रमाणात खाऊन टाकलेली असते, म्हणून ताक चालतं. पण त्याच दिवशीचं, आंबट न झालेलं, लोणी काढलेलं, एक वाटी दह्याला तीन-चार वाट्या पाणी. (अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र आईचं दूध कधीच थांबवायचं नाही.)

ज्वारी परत आणायची ती आंबिलीतून. दोन चमचे पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या, वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात सहा तास बास, जास्त झालं तर फार आंबतं. मग 10 मिनिटं सतत ढवळत शिजवा. आंबवल्याने ज्वारी पचायला सोपी होते. ती जिरली की दुसऱ्या दिवशी पातळ भाकर, मुगाच्या वरणात कुस्करून.

आणखी दोन गोष्टी. मुलीला झिंकची गोळी 20 मिलीग्रॅम, रोज एक, 14 दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायची. गावातल्या आशाताईंकडे ओआरएससोबत मिळते. वडिलांच्या बीपीच्या गोळीचं आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. काही गोळ्या लघवी वाढवतात, अंगात पाणी कमी असताना बीपी एकदम खाली जातो आणि किडनीवर ताण येतो. मनाने बंद करू नका, विचारून करा. जुलाब बंद करणारी गोळी मुलीला अजिबात नाही, आणि ताप किंवा रक्त असेल तर वडिलांनाही नाही.

संडासात रक्त, 102 च्या वर ताप, सहा तास लघवी नाही, डोळे खोल, गुंगी, पाणीही पोटात टिकत नाही, किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, यांतलं एकही दिसलं तर पेज शिजत बसू नका, दवाखाना गाठा. वडिलांचा दोन दिवसांत फरक पडलेला नाही, तेव्हा त्यांना तसंही आज दाखवून आणा.

भूक लागली की वडील ठेचा मागतीलच. परत येण्याचा क्रम असा ठेवा: आधी भाकर, मग दुधी-दोडक्याची साधी भाजी, मग फोडणीचं वरण, मग दाणे. काळा मसाला, शेवभाजी आणि मिरची सगळ्यांत शेवटी, संडास दोन दिवस बांधून झाल्यावर.